गांडुळांची एकादशी

नेम पाळण्यात आणि पाळून घेण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मग समोर माणसं असोत की गांडुळं!

गांडुळं घरात आली ती जास्वंदीपायी. येत्या चातुर्मासात रोज स्वतःच्या अंगणातलं एक फूल गणपतीला वाहीन, विकतचं नाही, असा नेम मी बोलून बसले होते. आणि आमची जास्वंद आठवड्याला एक फूल देई, तेही उपकार केल्यासारखं. शेवटी अर्नाळ्याच्या प्रेमलाने, माझ्या शाळेतल्या मैत्रिणीने, डबाभर गांडुळं दिली. भाजीची देठं घाल, केळीच्या साली घाल, मीठ-मिरची दाखवूसुद्धा नको, दोन महिन्यांत खत तयार, असं तिने बजावलं.

मागच्या अंगणात, कुंपणाच्या भिंतीला लागून, मी विटांचा छोटा हौद रचला. मग काय, दर तासाला हौदावरचं गोणपाट वर करून बघायची. यांचं तोंड कुठलं? झोपतात कधी? एकमेकांना ओळखतात का?

"लग्न ठरताना मला एवढं निरखलं नव्हतंस," आमचे हे, म्हणजे दिनानाथ, म्हणाले.

आठवडा छान गेला आणि एकादशी आली. वांग्याची देठं होती. पण एकादशीला वांगं? मी वाटीभर साबुदाण्याची खिचडी हौदात घातली, वर लिंबाची फोड पिळली.

"अगं, उपवास तुझा. त्यांना कशाला?"

"घरात राहायचं तर घराचे नियम," मी हळूच म्हटलं. मिठाचं म्हणाल, तर मी सैंधव वापरलं होतं.

आंघोळीपासून पूजा होईपर्यंत माझं मौन असतं. बावीस वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. द्वादशीला सकाळी मागे गेले, गोणपाट उचललं आणि पाहते तो हौद रिकामा! एकच गांडूळ उरलं होतं. बहुधा तेवढंच भाविक.

मी धावत घरात आले आणि यांच्यापुढे बोट वळवळवून दाखवलं.

"साप?" यांचा चहाच सांडला.

मी जोरजोरात मान हलवली. बोट आणखी वळवळवलं, दोन्ही हात पसरून दाखवलं, की सगळी गेली.

"एवढा मोठा?" म्हणत यांनी काठी घेतली आणि भिंतीपलीकडच्या स्टेफीला हाक मारली, की पोरांना घरात घे, साप निघालाय.

स्टेफी तिच्या अंगणात आली, पाठोपाठ तिच्या सहा कोंबड्या. मी भिंतीवरून वाकले. भिंतीतल्या पाणी जायच्या भोकातून पलीकडे गेलं, की तिने तोडून टाकलेला केळीचा खांब कुजत पडलेला. त्याच्याखाली आमची सगळी मंडळी, सुखाने!

पहिल्या कोंबडीने खांब उकरायला घेतला.

मी हात हलवले. कोंबडीने माझ्याकडे पाहिलं आणि चोच खाली नेली. इकडे बावीस वर्षांचं मौन, तिकडे शंभर जीव आणि गणपतीचं फूल.

"स्टेफी, कोंबड्या आवर!"

माझा आवाज एवढा आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. अख्खं उमेळं गाव बाहेर आलं असावं. यांच्या हातची काठी पडली.

स्टेफीने कोंबड्या टोपलीखाली डालल्या आणि गांडुळं घमेल्यात भरून भिंतीवरून दिली. हौदातली खिचडी बघून म्हणाली, "काकी, हे घातलंत? बिचारी पळणारच ना."

मौन मोडल्याचं प्रायश्चित्त म्हणून पुढचा अख्खा दिवस मी बोलले नाही. गांडुळांना उपवास माफ केला. चातुर्मास लागला तेव्हा जास्वंद रोज दोन फुलं देऊ लागली होती.

त्या आषाढी एकादशीला मी हौदात वांग्याची देठं घालत होते. हे साबुदाण्याची ताटली घेऊन शेजारी येऊन उभे राहिले.

"तेहतीस वर्षं मीही हेच खातोय," ते म्हणाले. "भिंतीला माझ्या मापाचं भोक नाही, म्हणून राहिलोय."

त्या दिवशी आमच्याकडे वरण-भात झाला. एकाच पानापुरता. गणपतीला सांगितलंय, तुम्ही कोणाला सांगू नका.