तारखेला लावलेलं घड्याळ

दारावरची बेल वाजली तेव्हा लाझार बाथरूममध्ये टबाशी उकिडवा बसून, गोठलेलं डुकराचं अख्खं तंगडं गरम पाण्यात मऊ करत होता.

"बघ रे कोण आलंय! मी शिडीवर आहे!" बाहेरच्या खोलीतून त्याची बायको दुन्या ओरडली. ती धुतलेले पडदे चढवत होती. सोमवार, सात नोव्हेंबर, संध्याकाळचे पाच. स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा वार्षिक सण, उद्या होती.

संत दिमित्रिये हे त्यांच्या घराण्याचे रक्षक. त्यांचा दिवस बापाकडून मुलाकडे येतो आणि यंदा तो गावाकडून पहिल्यांदाच लाझारच्या वाल्येवो शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी आला होता. त्याचे म्हातारे वडील रादिसाव दुपारीच येऊन खुर्चीत बसले होते. संतांची तसबीर मात्र अजून त्यांच्या पिशवीतच होती. "आधी बघू तुला झेपतंय का. मग भिंतीला लावू," एवढंच ते मुलाला म्हणाले होते. दिवसभर कीबोर्ड बडवणारा माणूस यजमान म्हणून उभा राहील, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

लाझारने तंगडं हातात घेऊनच दार उघडलं. समोर अख्खं ऑफिस! बावीस माणसं, इस्त्रीचे कोट, वाइनच्या बाटल्या, कॉफीचे पुडे. रांग खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलेली.

"स्लावेच्या शुभेच्छा, यजमान!" सगळ्यांच्या पुढे असलेला धिप्पाड बोरिवोये गरजला आणि त्याने लाझारचे तीन मुके घेतले. तंगडं मध्ये आलं, तरी घेतले.

लाझारच्या तोंडचं पाणी पळालं. "या... या ना," तो कसाबसा म्हणाला.

रांगेतून विदा पुढे आली. ऑफिसात ती त्याच्या शेजारच्याच टेबलावर बसे. तिने तंगडं पाहिलं, शिडी पाहिली, आणि त्याच्या कानाशी लागली. "घड्याळ काढलं नाहीस ना तू?"

झालं होतं असं. कुणाची स्लावा कधी याची सकाळी सगळ्यांना आठवण करणारा प्रोग्रॅम लाझारने ऑफिससाठी लिहिला होता. तारीख साठवायची कशी, यावर विदाशी त्याचं तीन आठवडे भांडण चाललं. विदा म्हणे, "आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. बस! आपोआप क्रमाने लागतात. संताच्या दिवसाला कसले तास नि मिनिटं?" लाझार म्हणे, "असू देत गं, पुढेमागे लागले तर?" म्हणून त्याने प्रत्येक तारखेला मध्यरात्रीचे बारा चिकटवून ठेवले. आता ज्या मशीनवर हे साठत होतं ते कुठल्या तरी दूरच्या देशात, आणि तिथलं घड्याळ एक तास मागे. इथे आठ तारखेचे बारा वाजतात तेव्हा तिथे सात तारखेचे अकराच झालेले असतात. मशीनने ती तारीख सात धरली आणि आज सकाळीच सगळ्यांना कळवलं: आज लाझारकडे स्लावा. यजमानाला त्याची स्वतःची स्लावा कोण कळवणार? प्रोग्रॅम याच महिन्यात सुरू झालेला, आणि यादीत पहिलं नाव त्याचंच.

"बाबा," तो खुर्चीशी जाऊन कुजबुजला, "यांना उद्या यायला सांगतो."

"जीभ झडली नाही तुझी?" रादिसाव ताडकन उठले. "स्लावेला बोलावणं नसतं आणि आलेल्याला परत पाठवणं नसतं. सूर्य मावळला का?"

"मावळला."

"मग लागला संतांचा दिवस. देवळात तो सांजेपासूनच लागतो. हो बाजूला!"

आणि मग पुढच्या तासाभरात जे घडलं ते लाझार आ वासून बघत राहिला. दुन्या शिडीवरून उतरली आणि उरलेले पडदेच तिने टेबलावर अंथरले. समोरच्या स्तानोयका काकूंचीही स्लावा उद्याच, त्या आपलं खिमा भरलेल्या कोबीच्या वळकट्यांचं भलंमोठं पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "उद्याचं उद्या बघू गं!" वरच्या मजल्यावरून पाहुण्याच्या तोंडात घालायचा गोड गहू आला, खालून खुर्च्या आल्या. पाच वर्षं या लोकांची नावं त्याने फक्त टपालपेट्यांवर वाचली होती. कुणी एका शब्दाने विचारलं नाही, की काय झालं, कसं झालं. धन्य ती माणसं!

मग तो लॅपटॉप घेऊन बाथरूममध्ये शिरला आणि वॉशिंग मशीनवर ठेवून एकेका तारखेचं घड्याळ उपटून टाकलं. वर्ष, महिना, दिवस. शंभर वर्षांनी वाचा, जगात कुठेही वाचा, दिवस तोच! एवढी साधी गोष्ट, आणि त्याला ती भरल्या देवळासारखी वाटली.

आता मशीन प्रामाणिक. मशीनने पाहिलं, आठ तारखेची आठवण तर कुणाला गेलेलीच नाही. मंगळवारी सकाळी त्याने ती आपणहून पाठवून दिली.

मंगळवारी पाच वाजता बेल वाजली. तेच बावीस जण, नव्या बाटल्या.

"मेसेज आला," बोरिवोये म्हणाला. "म्हटलं, यांच्याकडे दोन दिवस असते वाटतं. आमच्या आजोळी असतेच की! आणि स्लावेला का नि कशाला, असं कुणी विचारतं का राव?"

या खेपेला तंगडं भाजून तयार होतं, मेणबत्ती तेवत होती, पाद्रीबाबा सकाळीच पाव कापून आशीर्वाद देऊन गेले होते. रादिसाव गुपचूप डोकी मोजत बसले. मग त्यांनी मुलाला स्वयंपाकघरात ओढलं.

"पन्नास वर्षं यजमान होतो मी. लोक आले, जेवले, गेले. पण तेच्या तेच पाहुणे, दोन्ही दिवस, तितक्याच आनंदाने? डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. तू त्या ऑफिसात नेमकं करतोस तरी काय रे?"

"तारखा लिहितो, बाबा."

म्हाताऱ्याने टोपी काढली. "एवढंच करून एवढी माणसं जोडलीस?" दुन्या सिंककडे तोंड करून खांदे हलवत होती, ती हसत होती हे लाझारलाच कळलं. मग रादिसावनी पिशवीतून तसबीर काढली आणि स्वतःच्या हाताने भिंतीवर खिळा ठोकला.

हातोडी ठेवल्यावर ते थोडे घुटमळले. "तुझा तिहोमिर मामा... मामी गेल्यापासून त्याच्या स्लावेला कुणी फिरकत नाही रे. तीन वर्षं ताटं मांडून दाराकडे बघत बसतो. बोलावणं करायची तर सोय नाही. त्यालाही घाल की तुझ्या त्या मशीनमध्ये."

"पण बाबा, ते ऑफिसातल्या लोकांपुरतं—"

"घाल म्हटलं ना!"

लाझारने लॅपटॉप उघडला. मामाचं नाव, पत्ता. वर्ष, महिना, एकवीस तारीख. तास नाही, मिनिट नाही. विदालासुद्धा बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्याने खाली आणखी एक ओळ घेतली आणि तितक्याच काळजीपूर्वक बावीस तारीखही मामाच्या नावावर लिहून टाकली.