सासूबाईंच्या बरणीतली एकुलती एक कैरी

मी फक्त एवढंच ठरवलं होतं की, सासूबाई यायच्या आत त्यांची बरणी रिकामी करून, धुऊन-पुसून फडताळात ठेवायची. बरणी रिकामी करणं हे काही मोठं काम नव्हे. (बी. ए. झालेल्या बाईला तर मुळीच नव्हे.) अडचण एवढीच होती की, बरणीत एक प्राणी राहत होता आणि त्याला जागा बदलायची नव्हती.

प्राणी आणला आमच्या ह्यांनी. हे वर्ध्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. मार्चमध्ये विद्यार्थ्यांची सहल घेऊन मुंबईला गेले होते. मुंबईहून येताना लोक बायकोला पातळ आणतात. ह्यांनी समुद्रफूल आणलं. नाव फूल, पण आहे जनावर. पेरूएवढं, तांबूस. त्याला पाय एकच, आणि त्या पायानं ते तळाला असं चिकटून बसतं की जणू तिथेच उगवलं. वर पाकळ्यांसारखी शंभरेक बोटांची झालर. जरा धक्का लागला की सगळी बोटं आत ओढून घेतं आणि मुकाट गोळा होऊन बसतं. सोबत समुद्राच्या पाण्याचे दोन मोठे बुधले होते. (स्टेशनावरच्या हमालानं ह्यांना विचारलं म्हणे, वर्ध्याच्या विहिरी आटल्या काय.)

आमच्या जिल्ह्यात समुद्र आहे तो फक्त समुद्रपूरच्या नावात, आणि तिथेही कापूसच पिकतो. तेव्हा सांडलेल्या पाण्याचा थेंबसुद्धा परत मिळायचा नाही, हे मला ह्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. घरात रुंद तोंडाचं काचेचं भांडं एकच होतं: सासूबाईंची लोणच्याची बरणी. त्यांच्या माहेरची, जाड, हिरवट काचेची. ह्यांनी फूल त्या बरणीत सोडलं आणि 'तात्पुरतं' म्हणाले.

ते तात्पुरतं वैशाखापर्यंत चाललं. मग सुताराकडून काचेची पेटी करून आणली, तिच्यात उरलेलं पाणी ओतलं, एक चपटा दगड ठेवला, आणि आता फूल हलवायचं तर नागपूरहून पेपर तपासायला बोलावणं आलं. मी आल्यावर हलवू, असं म्हणून ह्यांनी जाताना भिंतीवर एक चिठ्ठी डकवली:

१. ओढू नये.
२. खरवडू नये.
३. घाबरवू नये.
४. घाबरू नये.

पहिल्या तीन सूचना फुलासाठी होत्या. चौथी वेगळ्या शाईत होती.

सासूबाई, म्हणजे देवकाबाई, दरवर्षी ह्याच दिवसांत देवळीहून कैऱ्या घेऊन लोणचं घालायला येतात. आपल्या बरणीत मुंबईचं जनावर बसलेलं त्यांनी पाहिलं तर काय होईल, ह्या विचारानं मला तीन दिवस जेवण गेलं नाही. म्हणून शनिवारी सकाळी मी चिठ्ठी तीनदा वाचली, पदर खोचला, बरणीच्या तोंडावरचा फडका सोडायला हात घातला, आणि दारातून हाक आली, "सूनबाई."

मी दचकले. (टपालवाल्यानं सायकलची घंटी वाजवली तरी मी दचकते, तेव्हा ह्यात विशेष नाही.) सासूबाई पहिल्याच मोटारीनं आल्या होत्या. कैऱ्यांचं पोतं ओट्यावर टेकवून त्या थेट आत आल्या आणि बरणीसमोर उभ्या राहिल्या.

"बरणीत काय टाकलं वं?"

"मिठाचं पाणी," मी म्हणाले. इथपर्यंत मी खरं बोलत होते.

"अन् तळाशी काय हाय?"

"कैरी."

"एकच?"

"एकच."

त्यांनी वाकून काचेतून बराच वेळ पाहिलं. फूल माझ्यासारखंच अंग चोरून बसलं होतं.

"लाल कशी वं?"

"पिकली असेल," मी म्हणाले.

सासूबाईंनी फडका सोडला, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्या म्हणाल्या, "खारट झालं. उन्हानं पाणी आटून राह्यलं ना. साधं पाणी आण." मी तांब्या दिला. ह्यांनी बरणीला बाहेरून एक दोरा बांधून ठेवला होता. पाणी त्याच्या दोन बोटं खाली उतरलं होतं, आणि ते मी पाहिलंच नव्हतं. सासूबाईंनी हळूहळू धार सोडली आणि नेमकी दोऱ्यापाशी थांबवली. मला वाटलं, काय हा योगायोग.

"बाकी खार चांगला जमवला तुनं," त्या म्हणाल्या.

आता इथे माझं काय झालं ते समजून घ्या. लग्नाला आठ महिने झाले होते. तेवढ्या काळात सासूबाईंनी माझ्या वरणाला पातळ, भाकरीला जाड आणि मला बारीक म्हटलं होतं. कशाला तरी चांगलं असं आजच म्हणत होत्या, आणि तेही अरबी समुद्राला. खरं काय ते सांगून टाकायची वेळ तीच होती. पण मी मान खाली घालून हसले.

"उद्या जेवताना ह्याच कैरीची एक फोड मले देजो," सासूबाई म्हणाल्या.

जेवणं झाल्यावर त्या शेजारी सुलोचनाबाईंकडे कैऱ्या फोडायचा अडकित्ता आणायला निघाल्या. "तासाभरानं येतो मी," म्हणाल्या. म्हणजे माझ्याजवळ एक तास होता. त्यात फूल पेटीत, बरणी फडताळात आणि एक लाल कैरी कुठून तरी पैदा करायची होती.

आधी मी वाट पाहिली. ह्यांनी सांगितलं होतं की, मनात आलं तर ते आपणहून पाय सोडून चालू लागतं. मी पाव तास पाटावर बसून राहिले. त्याच्या मनात आलं नाही. मग मी त्याला समजावून सांगितलं. (कॉलेजात वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मला होतं.) नवी जागा मोठी आहे, उजेड आहे, दगड आहे, असं सगळं सांगितलं. फुलानं दोन-चार बोटं बाहेर काढली. मला वाटलं, पटलं. मी कोपरापर्यंत हात आत घातला.

त्या बोटांनी माझं बोट धरलं.

दुखलं नाही. मांजराची जीभ लागावी तसं खरखरीत, चिकट काहीतरी लागलं. पण मी किंचाळले ती अशी की शेजारच्या गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली, असं सुलोचनाबाई अजून सांगतात. मी हात खेचला, बरणी कलंडली आणि अर्धा समुद्र शेणानं सारवलेल्या जमिनीवर पसरला. सारवणानं तो पिऊनही टाकला. बरणी आडवी, तिच्यात चार बोटं पाणी, आणि तळाला फूल एवढंसं होऊन लोंबत होतं. मेलं, असंच मला वाटलं. ह्यांनी ते मुंबईपासून मांडीवर धरून आणलं होतं, रात्रभर डोळा लागू दिला नव्हता. मी जमिनीवर बसले आणि रडायला लागले.

अडकित्ता हातात घेऊन सासूबाई दारात उभ्या होत्या.

"आई, ती कैरी नाही," मी म्हणाले.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "रडणं मंग करजो. आधी त्या पेटीतलं तांब्याभर पाणी दे."

त्यांनी बरणी सरळ केली, मांडीशी धरली आणि फुलावर पाणी येईल एवढं हळूच ओतलं. मग काहीच केलं नाही. मी विचारलं, आता काय करायचं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "धिरडं तव्यावर कच्चं असताना उलथलं तं काय होते?"

"तुटतं."

"मंग बस चूप."

बऱ्याच वेळानं फूल जरासं सैलावलं. सासूबाईंनी वाटीनं त्याच्या कडेला बारीक धार सोडायला सुरुवात केली, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. धिरड्याची सुटते तशी पायाची एक कड उचलली गेली. तिच्याखाली त्यांनी बोटाचं पेर सरकवलं, नख लागू न देता. मग थांबल्या. मग आणखी थोडं. मी श्वास घेतला की त्या माझ्याकडे पाहत, म्हणून मी तोही बेतानंच घेत होते. उन्हं भिंतीवर चढली तेव्हा फूल त्यांच्या तळहातावर आलं, अख्खं. त्यांनी हात तसाच पेटीत बुडवला, फूल दगडावर टेकवलं आणि पाय धरेपर्यंत हात हलवला नाही.

"जित्तं हाय," त्या म्हणाल्या, आणि हात पदराला पुसला.

मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून माझ्यापुढे धरलं. अक्षर ह्यांचं होतं. 'आईस नमस्कार. तुझी बरणी न विचारता घेतली, रागावू नकोस. तिच्यात एक प्राणी आहे. पाणी चाखून पाहावे, खारट झाल्यास दोऱ्यापर्यंत साधे पाणी घालावे. हे पद्माला एकटीला जमणार नाही, पण तसे तिला कळू देऊ नकोस. प्राण्याला काय, पद्माला काय, अचानक हात लावू नये; दोघेही दचकतात.'

मी कार्ड दोनदा वाचलं. म्हणजे सकाळपासून ही बाई सगळं जाणून मला कैरीचा रंग विचारत होती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू कुठवर जाते ते पाहून राह्यलतो," सासूबाई म्हणाल्या. "पिकली असेल म्हणे."

त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या आणि हसतच कैऱ्या फोडायला बसल्या. बरणी राखेनं तीनदा घासली, दोन दिवस उन्हात ठेवली आणि लोणचं तिच्यातच घातलं.

आठवड्यानं हे परत आले. पेटीत फूल सगळी बोटं पसरून बसलं होतं. ह्यांनी विचारलं, कोणी हलवलं? सासूबाई म्हणाल्या, "सूनबाईनं." मी कृतज्ञतेनं त्यांच्याकडे पाहिलं. हे माझ्याकडे असे पाहू लागले की आठ महिन्यांत तसे पाहिले नव्हते. पाय कसा सोडवलास, असं त्यांनी विचारलं आणि मी (देवा, मला क्षमा कर) धिरड्यापासून सुरुवात करून सगळं सविस्तर समजावून सांगितलं. हे भारावून स्वयंपाकघरात गेले. तिथे मायलेकांचं काहीतरी बोलणं झालं. मला वाटलं, माझं कौतुकच चाललं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलाला पाहायला गेले, तर भिंतीवरच्या चिठ्ठीत एक ओळ वाढली होती. शाई ह्यांची होती, पण शब्द कोणी सांगितले ते काही विचारावं लागलं नाही.

५. पाहुण्यांना कैरी म्हणून सांगू नये.