दहावं चित्र

"सासूबाईंना आठवड्यात बोलतं करतो!" अख्ख्या ऊर्जानगरला मी सांगून ठेवलं होतं. वीज केंद्रातली नोकरी आपली. करंटचं आपल्याला कोण शिकवणार?

सावली गावाजवळच्या खेड्यातल्या आमच्या सुगंधाबाई म्हणजे बोलण्याचं भरलेलं धरण. उन्हाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि धरण कोरडं! हातपाय सावरले, शब्द गेले. मी त्यांना क्वार्टरवर आणलं आणि चंद्रपूरच्या एका दवाखान्यात चुंबकाचे उपचार लावले. डोक्याच्या डाव्या बाजूला, भाषेच्या ठाण्यावर यंत्र धरायचं. टक-टक-टक! जणू सुतारपक्षी सागाला लागलाय. मग दहा चित्रं ओळखायची. दहाच्या दहा आली की घरी.

"चुंबक शब्द देत नाही हं," कोल्हापूरच्या डॉक्टर उर्वशी म्हणाल्या. "वाट मोकळी करायला मदत करतो. चालायचं पेशंटनं."

पहिल्या दिवशी दोन, चौथ्या दिवशी सहा, आठव्या दिवशी नऊ! आणि गाडी ठप्प. दहावं चित्र वाघाचं. सासूबाई बघायच्या आणि ओठ मिटायच्या.

"हा शब्द अडलाय. अजून दहा दिवस यावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

सासूबाईंचे डोळे भरले. गावात धानाची रोवणी सुरू झालेली. त्यांच्या जागी माझी बायको दीपाली जंगलालगतच्या बांधीत, भातखाचराच्या चिखलात उतरलेली.

"घरी... जातो... मी," त्या कशाबशा म्हणाल्या.

म्हटलं, आता जावईच सोडवणार! "आई, सोपं आहे. अंगावर पट्टे..." त्यांनी मान फिरवली. मी गुरगुरलो. खुर्चीवर चार पायांवर उभा राहिलो! बाहेरच्या पेशंटांनी दारातून डोकी घातली. शेवटी ओरडलोच, "म्हणा की! वाघ! वाघ! वा—"

फाडकन तोंडावर हात बसला.

"चूप! अक्कल कुठी ठेवून आले जवाईबापू? तुमची बायको बांधीत उभी, अन् तुमी इथी बसून त्याले नाव घेऊ घेऊ बोलावून राह्यले? तो आला तं तुमी जासान का समोर?"

सत्तावीस शब्द! मी मोजले. शेतात माणसं असताना त्याचं नाव काढायचं नसतं, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. जावई वगळून.

"म्हणजे शब्द येत होता?" डॉक्टर थक्क.

"येते नं. घेत नाई."

"अहो, ही अंधश्रद्धा!"

"बांधीत उभ्या राहा बाई, मंग सांगा."

"मग दहापैकी नऊच लिहावे लागतील."

"लिव्हा! एक त्याचा त्याले ठेवा."

डॉक्टरांनी नऊ लिहिले आणि घरी सोडलं.

सावलीच्या एस.टी.त सासूबाई बोलायच्या थांबल्याच नाहीत. दीड तासात त्याचं नाव एकदाही नाही. माझं मात्र सतरा वेळा! 'जवाईबापू' गेलं, सरळ 'लोकेश्या'!

न राहवून विचारलं, "आई, माझं बरं नाव घेता?"

"तुले कोन भेते?"