जावईबापूंचा पासवर्ड

लाइट गेली आणि आली, एवढंच झालं होतं. पण परभणीच्या त्या बियाणे संघाच्या कचेरीत कंप्युटर पुन्हा सुरू झाला आणि त्यानं दिनकररावांना पासवर्ड विचारला. वर्षभरात त्यानं असं कधी विचारलं नव्हतं. पुण्याला ट्रेनिंग झाल्यावर दिनकररावांनी डाकेच्या प्रोग्रॅममध्ये पासवर्ड एकदाच टाकला होता. तो मशीननं लक्षात ठेवला, म्हणून दिनकररावांनी ठेवला नाही.

दिवसही वाईट निवडला मशीननं. चपला दाराबाहेर काढून सासरे लिंबाजी आत येऊन बसले होते. गेल्या वैशाखात त्यांनी लेक दिली ती जावयाच्या शेताकडं बघून नव्हे, कचेरीत येऊ घातलेल्या या मशीनच्या भरवशावर. जावई बटण दाबतो आणि पुण्याला चिठ्ठी पोचते, असं त्यांनी आपल्या गावात, राणीसावरगावात, सांगून ठेवलं होतं. आज सरकीच्या बियाण्याची मागणी पुण्याला जायची होती. ती जाताना त्यांना डोळ्यांनी बघायची होती.

"मशीन काय म्हनायलंय, जावईबापू?"

"वळख विचारायलंय, मामा."

"तुमाला वळखत न्हाई?"

"वळखतं की. लाइटीमुळं जरा बिचकलंय."

"मग पाठीवरनं हात फिरवा की जरा."

दिनकररावांनी हात फिरवला आणि स्वतःचं नाव टाकलं. मशीननं नाकारलं. मग पोखर्णीच्या नरसिंहाचं नाव टाकलं. मशीननं देवालाही नाकारलं, आणि आता एकच संधी उरली, त्यानंतर दार बंद, असं पडद्यावर लिहून दाखवलं.

कचेरीचे मुख्य माणिकराव साहेब, त्यांनी पुण्याला ट्रंक कॉल लावला. त्या फोनवर ओरडल्याशिवाय ऐकू जात नसे, आणि पलीकडचा माणूसही असा ओरडे की समोरच्या चहाच्या टपरीवर स्वच्छ कळे.

"आठवणीची फाइल उडाली असेल," पुणं ओरडलं. "हातानं टाका."

"काय टाकू तेच आठवंना," दिनकरराव ओरडले.

"ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ना, ज्याची चारचौघांत लाज वाटते असं नाव ठेवा, म्हणजे तोंडून निघत नाही. कोणाचं नाव घ्यायला लाजता तुम्ही?"

टपरीवरच्या लोकांनी कप खाली ठेवले. साहेब मात्र खुलले.

"सोपं आहे. अंगावरची हळद उतरायच्या आत ट्रेनिंगला गेला होतात तुम्ही. वहिनींचंच नाव असणार."

"दैवशाला," लिंबाजी अभिमानानं म्हणाले.

"पर लग्नात तांदळावर नर्मदा लिवलं की," सटवाजी शिपाई दारातून म्हणाला. "मी पंगतीला हुतो."

माहेरचं नाव एक, सासरी बदललेलं दुसरं, आणि संधी एकच. साहेबांनी विचारलं, "घरी कोणत्या नावानं हाक मारता?"

सासऱ्यांसमोर दिनकररावांनी फरशीकडं बघितलं. "नावानं न्हाई मारत, साहेब. खाकरतो."

खाकरणं मशीनमध्ये टाकता येत नव्हतं. तेव्हा वहिनींनाच विचारावं, असं ठरलं आणि साहेबांनी सटवाजीला जीप देऊन पिंगळीला दिनकररावांच्या घरी पाठवलं. सून शेतात होती. दिनकररावांच्या आई, कडूबाई, तेवढ्या घरी होत्या. सटवाजीनं त्यांना सांगितलं, "मशीनपाशी बसल्यात, वळखच लागंना, चला." कोणाची ओळख कोणाला लागेना, हे सांगायचं तो विसरला.

त्यामुळं कडूबाई जीपमधून उतरल्या त्या ऊर बडवतच.

"उकिरड्या, ए उकिरड्या, मला तरी वळखतूस का रं माझ्या बाळा?"

दिनकररावांच्या आधीची दोन पोरं जगली नव्हती. म्हणून तिसऱ्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचललं आणि नाव उकिरडा ठेवलं, म्हणजे यमानं नाक दाबून पुढं जावं. शाळेत मास्तरांनी दिनकर केलं. तेव्हापासून ते पहिलं नाव विसरण्याचा दिनकररावांनी इतका सराव केला होता, की पुण्यात लाजेचं नाव ठेवा म्हटल्यावर त्यांनी तेच ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा विसरले.

आता आठवलं. त्यांनी मान खाली घालून ते टाकलं. पडद्यावर अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या उमटल्या, मशीन उघडलं, मागणी पुण्याला गेली. कोणाला काही कळायचं कारण नव्हतं. पण पुण्याचा फोन आला.

"उघडलं? मग आता तो जुना पासवर्ड रद्द करू. काय होता?"

फोन साहेबांनी घेतला होता. दिनकररावांनी त्यांच्या कानात सांगितलं, ते साहेबांनी ओरडून पुण्याला पोचवलं. "उकिरडा. उकिरडा हो. शेणाचा. नाही, गावाबाहेरचा. कोंबड्या उकरतात तो. हां, तोच."

टपरीवर कोणीतरी ठसकलं. दिनकररावांना वाटलं, आपल्याला पुन्हा तिथंच नेऊन ठेवलं तरी चालेल.

लिंबाजी उठले. "जावईबापू, जरा भाईर या."

चपलांच्या ढिगाजवळ दोघं उभे राहिले.

"सोयरीक करताना ह्ये सांगितलं न्हवतं तुमी."

"चुकलं, मामा."

"मी काय गावात सांगू आता?"

लिंबाजींनी आजूबाजूला बघितलं, सटवाजी लांब आहे याची खात्री केली आणि एक चप्पल पायानं सरळ केली.

"आमची बी वरली तीन गेली हुती," ते खाली बघत म्हणाले. "पोरीचं नाव केराबाई हाय. दैवशाला आमी सोयरिकीपुरतं ठिवलं. तुमी पुन्हा लग्नात नर्मदा केलं, तवा आमाला लय बरं वाटलं. दोनदा धुतल्यावानी झालं."

"केराबाई," दिनकरराव म्हणाले. लग्नाला वर्ष झालं होतं, आणि बायकोचं नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं होतं. त्यांच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या.

आत साहेब नवा पासवर्ड टाका म्हणून घाई करत होते. दिनकररावांनी तो टाकला. लिंबाजी मागं उभे राहून बघत होते. त्यांना चांदण्याच दिसल्या.

"काय ठिवलं?"

दिनकरराव खाकरले.

लिंबाजींचा चेहरा उतरला. ते जावयाच्या कानाशी वाकले.

"पुन्हा बिचकलं तर मलाच बोलवा, जावईबापू. तिच्या मायला नगा बोलवू. तिचा आवाज तुमच्या आईपरीस मोठा हाय."