मुनीमजींची परीक्षा

देवतळे मॅडम रोज सकाळी पडत असत.

चौबे कॉलनीतल्या आमच्या गल्लीतून दूधवाला गेला की त्या घरासमोरच्या रस्त्यावर यायच्या, कुठली गाडी येत नाही ना ते बघायच्या आणि धाडकन आडव्या व्हायच्या. अंगात सलवार-कुडता, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. साठी उलटलेली बाई रस्त्यात पडलेली बघून नवखा माणूस धावणारच. तो जवळ पोचला की जमिनीवरून आवाज यायचा, "हात नका लावू! परीक्षा चालू आहे!"

परीक्षा शिकवण्यासाठी निवडायच्या कुत्र्याची असायची. मालक पडला की शेजारच्या घरी जायचं, भुंकायचं आणि माणूस घेऊन परत यायचं, एवढाच पेपर. पण पहिल्या दिवशी बहुतेक कुत्री मॅडमच्या पोटावर जाऊन बसत. एक जण त्यांचा बूट घेऊन थेट मेन रोडला लागला होता. मॅडम पडल्या पडल्याच निकाल लावत, "नापास! उद्या परत!" एकदा समोर नवीन राहायला आलेल्या गृहस्थांनी घाबरून अँब्युलन्स बोलावली. मॅडमनी उठून कपडे झटकले आणि ड्रायव्हरलाच झापलं, "इतका उशीर? खरीच पडली असती तर?"

उभी हयात त्यांनी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली होती. घसा त्या मैदानावरच घडलेला. माणसांशी त्या हुकमाच्या सुरात बोलत आणि कुत्र्यांशी अदबीने. "मुनीमजी, जरा बाजूला होता का?" हे कुत्र्याला, आणि "भाऊ, बसा!" हे मला. मी बसत असे. माझी बायको म्हणायची, "घरात माझं इतकं ऐकलं असतं तं सोनं झालं असतं."

हे वेड त्यांना रिटायर झाल्यावर लागलं. लग्न केलेलं नव्हतं, सख्खा भाऊ वर्ध्याला. एकदा बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि उठताच येईना. व्हरांड्यात येऊन झोपणारी गल्लीतली एक कुत्री दाराशी भुंकत राहिली, अगदी घसा बसेपर्यंत. शेवटी आम्ही वैतागून तिला हाकलायला गेलो, म्हणून मॅडम सापडल्या. प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तिले कोणी शिकवलं नव्हतं, तरी तिनं एवढं केलं. शिकवलं तर काय करेल?"

पाय बरा झाल्यावर नागपूरला जाऊन श्वानपथकातल्या एका निवृत्त माणसाकडून त्या शिकून आल्या. भांडून आल्या, असंही म्हणता येईल. त्याचं म्हणणं, कुत्रा आधी पूर्ण तयार करायचा आणि मग अपंग माणसाच्या हाती द्यायचा. मॅडमना ते मान्य नव्हतं. "तयार कुत्रा म्हणजे काय रेडिमेड शर्ट आहे? ज्याच्यासोबत राहायचं त्यानंच शिकवला पाहिजे. मी फक्त शिटी वाजवीन." आल्या आल्या त्यांनी एक कमिटी स्थापन केली. तिच्यात आम्ही दोघंच, त्या आणि मी. "तुमच्याकडे गाडी आहे न? मग तुम्ही कमिटीत."

मुनीम त्यांना गोलबाजारात सापडला. पिवळट रंगाचा, एक कान मोडलेला गावठी कुत्रा. एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याकडे असा बघायचा, जणू सगळ्यांनी उधारी थकवली आहे. म्हणून मुनीम. आणि मुनीमसाठी मॅडमनी जो माणूस निवडला, तो होता शहराबाहेरच्या कामगार वस्तीतला, बीरगावचा प्रशांत मेश्राम.

प्रशांत पंचविशीतला. वडील भंडाऱ्याहून कारखान्यात नोकरीला आलेले, ते वारले तेव्हा तोही जवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लागला. तिथे क्रेनवरून लोखंडाची पट्टी सुटली आणि त्याच्या पाठीवर पडली. कमरेखालचं अंग कायमचं बधिर झालं. ठरलेलं लग्न मोडलं. आई, शकुंतलाबाई, कामगारांचे डबे करायच्या. त्या डबे पोचवायला गेल्या की तो घरात एकटा. एकदा खाटेवरून खाली पडला तो आई परत येईपर्यंत तसाच फरशीवर पडून होता. तेव्हापासून बाहेर असताना त्या माउलीचं चित्त थाऱ्यावर नसे.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तो खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता. त्याला मराठी समजायचं, पण उत्तर हिंदीतच.

"कुत्ता नहीं चाहिए," तो म्हणाला. "मेरे को ही मम्मी खिलाती है. इसको कौन खिलाएगा?"

"तुले कोण विचारून राहिलं?" मॅडम म्हणाल्या. "मी मुनीमजींना आणलं. तू त्यांना पसंत पडतोस का ते पाहू दे."

मुनीमने खुर्चीची चाकं हुंगली, प्रशांतचे पाय हुंगले आणि दाराकडे तोंड करून बसला.

"नापसंत," मॅडम म्हणाल्या. "चला भाऊ."

आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलो, तेव्हा मागून आवाज आला, "क्यों? मेरे में क्या खराबी है?"

शकुंतलाबाईंनी पदर तोंडाला लावला. कित्येक महिन्यांत तो आपणहून काही बोलला नव्हता.

मग शिकवणी सुरू झाली. मॅडम रोज बसने, नाहीतर माझ्या गाडीने बीरगावला जायच्या आणि तिथे जिभेला कुलूप लावून बसायच्या. हे त्यांना किती जड जात होतं ते मी बघितलंय. हुकूम प्रशांतनेच द्यायचा. "माझा आवाज त्याच्या कानात बसला तर काय मले घरात ठेवून घेशील?" प्रशांतचा आवाज बारीक, जवळजवळ पुटपुटल्यासारखा. मुनीम मोडका कान वळवून तो ऐकायला शिकला. "लान" म्हटलं की मोबाइल आणायचा. "काका" म्हटलं की पलीकडच्या वेल्डिंगच्या दुकानातल्या यादवकाकांना बोलवून आणायचं. यादवकाकांचं आणि मुनीमचं पहिल्या आठवड्यात जमलं नाही, कारण मुनीम त्यांना लुंगी धरून आणायचा आणि कधीकधी नुसती लुंगीच यायची.

सगळंच काही गमतीचं नव्हतं. एका दुपारी मुनीम ऐकेना, तेव्हा प्रशांतने पाण्याचा स्टीलचा डबा उचलून त्याला फेकून मारला. मुनीम ओरडत खाटेखाली शिरला तो बाहेर येईना. मॅडमनी पर्स उचलली.

"ये मेरी बात क्यों मानेगा?" प्रशांत ओरडला. "मेरे पाँव मेरी बात नहीं मानते!"

"पाय नाही मानत. त्यांच्यापुढं माफी मागून उपयोग नाही," मॅडम म्हणाल्या. "याच्यापुढं आहे."

आणि त्या बाहेर येऊन माझ्या गाडीत बसल्या. गाडी दारासमोरच उभी होती, आम्ही खिडकीतून बघत होतो. प्रशांतने खुर्ची खाटेजवळ नेली. मग हातांवर जोर देऊन खुर्चीतून घसरत घसरत फरशीवर उतरला. अपघातानंतर आपल्या मनाने तो पहिल्यांदाच खाली उतरत होता. पालथा पडून त्याने खाटेखाली हात घातला आणि हळू आवाजात कायकाय बोलत राहिला. शेवटी मुनीम सरपटत आला आणि त्याच्या हातावर हनुवटी टेकून पडला. मॅडम समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "आता पुढचं मी नाही शिकवलं तरी चालेल."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. उन्हाळ्यात प्रशांत एकदा खरंच पडला आणि हाक मारायच्या आत मुनीम यादवकाकांना घेऊन आला. मॅडमनी पेढे वाटले. "मुनीमजी फर्स्ट क्लास. प्रशांत ग्रेस मार्कांनी पास." पुढे त्याने नाक्यावर मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलं. खुर्चीशेजारी मुनीम बसायचा आणि गिऱ्हाइकांकडे त्याच जुन्या संशयाने बघायचा. शकुंतलाबाई डबे देऊन सावकाश घरी येऊ लागल्या. वाटेत कोणाशी बोलतही उभ्या राहू लागल्या.

ज्याला बसूनच जगायचं आहे त्याला बसण्याचीच जखम होते, हे मला माहीत नव्हतं. प्रशांतला पाठीखाली जखम झाली. तिथे काही जाणवत नव्हतं, त्यामुळे ती खोल गेली. नंतर कळली, तरी त्याने आईपासून लपवली. सांगितलं असतं तर पुन्हा खाटेवर पडून राहावं लागलं असतं, टेबल बंद झालं असतं. थंडीत एके दिवशी टेबलाशीच त्याला हुडहुडी भरली. दवाखान्यात नेईपर्यंत विष रक्तात गेलं होतं.

मुनीमला आत सोडणं शक्य नव्हतं. मॅडमनी फाटकावरच्या शिपायाला आपला मैदानावरचा आवाज लावून बघितला. तो म्हणाला, "दीदी, मैं भी क्या करूँ, अंदर सब बीमार लोग हैं." हे खरंच होतं. मॅडम मुनीमला घेऊन फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या, आम्ही कितीही बोलावलं तरी हलल्या नाहीत. शुद्धीत होता तोवर प्रशांत आईला मुनीमचंच विचारायचा, "मुन्नू खाया क्या?" आई म्हणायची, "हव बेटा, खाया."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

महिना उलटल्यावर मॅडम माझ्या दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, गाडी काढा. मुनीमजींना आणायचं आहे." ब्राह्मणपाऱ्यात एक मुलगी होती, स्नायूंच्या आजाराची. हातातलं बळ दिवसेंदिवस कमी होत होतं. नवीन कुत्रा तयार व्हायला वर्ष जातं. "तोवर तिचा हात उचलेल की नाही सांगता येत नाही. शिकलेला कुत्रा तिकडे रिकामा बसून आहे. हे बरोबर नाही." कठोर वाटलं, पण चूक काढता येईना.

बीरगावच्या घरात चूल थंड होती. डबे बंद झाले होते. शकुंतलाबाई ओळखू येऊ नयेत इतक्या वाळल्या होत्या. मॅडमनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, त्या मुलीचंही.

"न्या," शकुंतलाबाई म्हणाल्या. "कामाचा जीव हाय. मी काहून अडवू?" आणि बोलता बोलता भिंतीला टेकून खाली बसल्या, डोकं गुडघ्यात घातलं.

दाराशी पडलेला मुनीम उठला. त्याने त्यांच्याकडे बघितलं, सरळ बाहेर गेला आणि यादवकाकांना घेऊन आला. काकांनी वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि आम्हाला बघून ओशाळले.

"इसको लगता है भाभी गिर गईं," ते म्हणाले. "जब भी नीचे बैठके रोती हैं, मेरे को लेने आ जाता है. दिन में कितनी बार. मैं भी आके थोड़ी देर बैठ जाता हूँ. फिर ये उठ जाती हैं."

मुनीम शकुंतलाबाईंच्या शेजारी जाऊन बसला. त्या खरोखरच उठल्या. यादवकाकांना पाणी द्यायला.

मॅडमनी त्या तिघांकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मुनीमजी नापास."

शकुंतलाबाई हातात तांब्या घेऊन बघत राहिल्या.

"माणूस पडला अन् माणूस बसला, यातला फरक त्यांना समजून नाही राहिला. असा कुत्रा मी त्या पोरीले देऊ शकत नाही. तुम्हीच ठेवा."

"नापास झाला तं मी काय करू त्याचं?"

"भाकर द्या. अन् त्याच्यासमोर बसून तुम्हीही खा. तो एकटा खात नाही."

मुनीम एकटा काय, झोपेतसुद्धा खात असे. मी तोंड मिटून घेतलं.

परत निघालो. उरल्याचे ट्रक मागे पडल्यावर मी विचारलं, "मॅडम, तो पास होता न?"

"तुम्ही कमिटीत आहात भाऊ, परीक्षक नाही."

"अन् ती मुलगी?"

"उद्यापासून दुसरा शोधायचा. घाई करावी लागेल." त्या आपले तळहात उलटसुलट करून बघत होत्या. "माझेही गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत."

संध्याकाळ होत आली होती. मी कॉलनीकडे वळायला इंडिकेटर दिला, तेव्हा त्यांनी माझ्या बाहीला हात लावला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"घरी नका नेऊ," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की मला मान वळवून ऐकावं लागलं. "तेलीबांध्याच्या तलावाला एक चक्कर मारा. आज रात्रीपुरते मुनीमजी माझ्याकडे येणार म्हणून मी कणकेत तूप घालून ठेवलं आहे. इतक्या पोळ्या घेऊन एकटी काय बसू?"

मी गाडी सरळ नेली. तलावाभोवती लोक फिरत होते, पोरं फुगे घेऊन पळत होती. मॅडम काच खाली करून बघत राहिल्या. एक चक्कर पूर्ण झाली.

दुसरी मी न विचारताच घेतली.