जिन्याचं वळण आणि बाबांचं माप

“माझी फळी मिळणार नाही म्हणजे नाही! मरायचंय ना, मग जमिनीवर मरा!”

“अगं, आत्ता कुठं मरतोय? नुसतं निजायचंय. मरायचं ते सावकाश.”

सकाळपासून हे असं चाललं होतं. आई कपडे शिवणारी. तिच्या कापड बेतायच्या फळीवर आजवर कुणाची कोपर टेकवायची छाती झाली नव्हती. आणि बाबांना त्याच फळीवर आडवं होऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली जायचं होतं. तालीम म्हणून!

बाबांचा जन्म लोकांचं घरसामान हलवण्यात गेला. कपाटं, पलंग, एकदा तर पियानो (त्याची गोष्ट विचारू नका, संध्याकाळ जाते). त्यांच्या हातून कुठल्याच जिन्यात कधी काही अडकलं नाही. गेल्या आठवड्यात न्हाणीघरात त्यांना भोवळ आली, तेव्हा पडल्यापडल्या पहिली आठवण झाली ती स्वतःच्या जिन्याच्या वळणाची. (बायकोची व्हायला हवी होती. पण पुरुषाची जात!) आपण गेलो आणि तिथंच अडकलो तर? जुने सोबती खांदा द्यायला येतील आणि तोंड लपवून हसतील!

“माप घेतलंय मी वळणाचं,” ते म्हणाले. “मी जाऊन वर बोटभर जागा उरते.”

“आणि तुमचं माप कुणी घेतलं?”

“घ्यायचं कशाला? लग्नातल्या सुटाचं पाठ आहे. तीच पँट अजून होते मला. तसूभर फरक नाही!”

पँटीचं नाव निघताच आई तरातरा आत गेली आणि मशीन चालवू लागली. सुईखाली कापड नसलं की मशीनचा आवाज वेगळा येतो. बाबांना तो एरवी ओळखू यायचा. पण आत्ता त्यांचा सगळा जीव मोकळ्या सुटलेल्या फळीवर.

मुलानं आणि जावयानं त्यांना सामानाच्या पट्ट्यांनी फळीला आवळलं, उचललं. पहिल्या पायऱ्या झकास गेल्या. वळण आलं आणि बाबा कठडा नि भिंत यांच्यामध्ये बुचासारखे बसले.

“डोक्याकडून वर घ्या! उभा करा मला! कपाट आहे असं समजा!”

“कपाटाला पोट नसतं, बाबा,” जावई म्हणाला आणि त्यानं जीभ चावली.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई भाजीची पिशवी घेऊन वर आल्या. बघतात तर हे! त्यांनी छातीवर हात ठेवला.

“अरेरे! किती भला माणूस होता! हट्टी होता, घोरणं आमच्या घरात ऐकू यायचं, पण भला होता हो!”

“होता काय, आहे!” प्रेत ओरडलं.

बाईंच्या हातून पिशवी सुटली. बटाटे टणाटण उड्या मारत तळमजल्यापर्यंत गेले. (त्यांना वळण मुळीच आडवं आलं नाही.)

गलका ऐकून आई बाहेर आली. गळ्यात टेप, डोळे लाल. ते डोळे पाहिले आणि बाबांचा आवाज एकदम खाली आला. भोवळ आली त्या दिवशी हिनंच आपल्याला उचलून बसवलं होतं, हे त्यांना आत्ता, बांधलेल्या अवस्थेत, आठवलं.

“रडतेस काय वेडे? वळणाचं माप जरासं चुकलं, एवढंच. माझं बरोबर होतं.”

आई वरच्या पायरीवर बसली. पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला. मग टेप काढून त्यांच्या पोटाभोवती घालू गेली, तर टेपची टोकं एकमेकांना भेटेनात.

“वळण नाही चुकलं, दर वर्षी तुमच्या नकळत त्या पँटीत मीच कापड घालत आले, आजपासून ते बंद, आणि ती पँट पहिल्यासारखी बसेपर्यंत या घरात मरायचं नाव काढायचं नाही!”