तिसऱ्या वर्गातला मारुती

या पोरीला काही विचारावं आणि मिळावं काय, तर "हं". तानुबाईचा जीव त्या "हं"ला विटला होता. नात अर्पिता सुट्टीवर राणीसावरगावला आली, ती जमिनीतलं तेल काढणाऱ्या तिच्या कंपनीतून पिशवीभर दगड घेऊनच. दुपारभर ओसरीवर दगडांशी गुजगोष्टी आणि आजीशी "हं". चुडाव्याहून स्थळ आलं होतं, त्या पाहुण्यांना दिवेलागणीला होकार-नकार कळवायचा होता, आणि अर्पिताच्या तोंडून शब्द सुटत नव्हता.

"अगं, या दगडात काय सोनं हाय का?"

"आजी, जमिनीत तेल असल्याच दगडांत मुरलेलं असतं. कुणात वाळू, कुणात चुना, कुणात माती. हे सगळे मिसळीचे. पिलेलं तेल कोण लवकर सोडतो, कोण उशिरा, कोण सोडतच नाही, ते बघून तीन वर्ग करायलेय."

"मंग मास्तरीणच झालीस की! आन् चुडाव्याचं काय?"

"हं."

तेवढ्यात फोन आला, तशी ती परसात गेली. "नाही सर, तो तांबूस तिसऱ्याच वर्गात. तेल पितो, पण सोडत नाही," एवढंच तानुबाईच्या कानी पडलं.

ऊन पेंगुळलं होतं. लिंबाची सावली ओसरीवर डोलत होती. तो तांबूस दगड कोपऱ्यात एकटाच, पंगतीतून उठवलेल्या लेकरासारखा. त्यात वार शनिवार. तेल पिणारा तांबडा दगड शनिवारी कोरडा ठेवायचा? या घरात असलं कधी झालं नव्हतं. तानुबाईनं करडीच्या तेलाची वाटी आणली आणि धार धरली. दगडानं तेल ओढून घेतलं. आणखी धरली. तेही गेलं. आपला डोळा तर लागला नाही ना, असं तिला वाटलं.

इतक्यात शेजारची राजेश्री विरजण मागायला आली, ती हात जोडूनच उभी राहिली. "अगं माय! जागृत हाय हे!"

"मंग? आमच्या घरी आलेलं हाय," तानुबाई म्हणाली. खोटं बोलायचं मनात नव्हतं, पण मान आपोआप ताठ झाली.

राजेश्री विरजण विसरून पळाली आणि शेंदूर, तेल अन् गल्लीतल्या आयाबाया घेऊन परतली. अर्पिता आत आली तेव्हा तिसरा वर्ग शेंदरानं माखला होता आणि नारळ फुटायच्या बेतात होता.

"आजी! माझा नमुना होता तो!"

"नमुना कोन हाय, ते मला इचार!"

बाया खदखदल्या. अर्पितानं नारळ धरला आणि हा मारुती कसा नाही, ते एका दमात समजावलं. आल्यापासून एवढं ती बोलली नव्हती. बाया हिरमुसून गेल्या. राजेश्री विरजण मात्र घेऊन गेली.

उन्हं कलून ओसरीवर आली. तापलेल्या दगडाच्या अंगावर घामासारखे तेलाचे थेंब उमटले, एकेक, सावकाश. दोघी गुंगी आल्यागत बघत बसल्या.

"सुटतं की," अर्पिता हळूच म्हणाली. "उशिरा सुटतं." तिनं दगड उचलून दुसऱ्या वर्गात ठेवला. मग त्याच्याकडेच बघत म्हणाली, "चुडाव्याला नाही म्हण, आजी. पोरगा चांगलाय. पण मला आसामात बदली मिळायलीय. तिकडं जायचंय. तुला कसं सांगावं, तेच कळंना."

घरात फोन वाजू लागला. चुडाव्याचाच असणार. तानुबाईनं रिकाम्या वाटीत पाहिलं, नातीकडं पाहिलं, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली.

"तू बी दुसऱ्याच वर्गातली, भवाने! वाटीभर करडीचं तेल गेलं तवा कुठं तोंड सुटलं. आधी ठाऊक असतं, तर दगडाला कशाला, तुलाच पाजलं असतं!"